केळीखालची माती

डब्यात बटणं नव्हती.

प्लासिड मास्तरांनी झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. ही त्यांची जुनी सवय. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर चुकलं की ते 'पुन्हा म्हण' म्हणत, जणू दुसऱ्या खेपेला उत्तर आपोआप बरोबर येणार होतं. दुसऱ्या खेपेलाही बटणं नव्हती. तळाशी पांढरं, गोल, लहान लहान काहीतरी एकावर एक पडलं होतं. डबा मुळात ओस्त्यांचा. त्यांच्या बायकोची, कार्मिनची, मावशी कॉन्व्हेंटात सिस्टर होती आणि मिस्सेसाठी, म्हणजे देवळातल्या उपासनेसाठी, ओस्त्या भाजायचं काम तिच्याकडे होतं. पापडासारख्या पातळ भाकरीतून गोल ओस्त्या कापून झाल्या की उरलेल्या कडा ती या डब्यात भरून भाचीला पाठवी. मावशी गेली, कडा आल्या त्या संपल्या, मग डब्यात बटणं आली आणि इतकी वर्षं बटणंच राहिली. म्हणूनच असेल, मास्तरांच्या मनात पहिला विचार आला तो फार भयंकर होता. ओस्त्या. देवळातल्या, अभिषेक झालेल्या, ख्रिस्तप्रसाद म्हणून घ्यायच्या, ज्यांत देव साक्षात असतो. कार्मिन जिभेवर घेते आणि न गिळता घरी आणते. असं करणाऱ्या बायकांच्या गोष्टी त्यांनी लहानपणी ऐकल्या होत्या, जादूटोण्याच्या, आणि मोठेपणी हसून सोडूनही दिल्या होत्या. आता माणिकपूरच्या आपल्याच घरात, पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता, एका हातात तुटल्या बटणाचा सदरा धरून ते उभे होते आणि हसू काही येत नव्हतं. मग त्यांना एकीवर मधोमध रेघ दिसली. ओस्तीवर अशी रेघ नसते. गोळीवर असते.

सुटलो, असं त्यांना वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं, आणि ते वाटल्याची लाज त्यांना नंतर दिवसभर पुरली. कारण पुढच्याच क्षणी कळलं की या कसल्या गोळ्या आहेत. ते पलंगावर बसले. चादरीवर डबा उपडा करून त्यांनी गोळ्या मोजल्या, पाचापाचाचे ढीग करून, जशा ते शाळेत उत्तरपत्रिका मोजत. त्रेचाळीस. आपण मोजण्यात चुकलो असू. मोजण्यात ते नेहमी चुकत, गणिताचे तास त्यांना कधी दिलेच नव्हते. पुन्हा मोजल्या. त्रेचाळीस. आणि मग, कुणी विचारलं नसताना, डोक्यात दुसरी मोजणी आपली आपण सुरू झाली: आज पवित्र गुरुवार, काल बुधवार, त्याच्या मागे झावळ्यांचा रविवार, त्याच्या मागे, त्याच्या मागे. मोजणी जिथे थांबली तो राखेचा बुधवार होता. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. त्या दिवशी फादरांनी कपाळावर राख लावली होती आणि ती पुसली जाऊ नये म्हणून कार्मिन संध्याकाळपर्यंत कपाळाला हात न लावता वावरली होती.

गेल्या वर्षी पावसाळ्यात तिचा डावा स्तन काढला. ते शब्द मास्तर मनातसुद्धा नीट उच्चारत नसत. 'ऑपरेशन झालं' एवढंच. मुंबईच्या डॉक्टरांनी मग विजेचे शेक दिले आणि शेवटी या गोळ्या. अंगातला एक रस असतो, त्यावरच तो रोग पोसला जातो, तो रस ही गोळी रोगापर्यंत पोहोचू देत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. रोज एक, पाच वर्षं. एकही दिवस चुकवायचा नाही. वेळ कुठलीही धरा, पण एकच धरा. 'कुठलीही' हे मास्तरांना पटलं नाही. त्यांना आयुष्यात कुठलीही अशी वेळ कधी मानवली नव्हती. घरी येऊन त्यांनी पाकिटावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: सकाळी. शाईच्या पेनने, खाली रेघ मारून. सकाळ त्यांची आवडती. सकाळी ते वाचत.

आणि सकाळी कार्मिन ओकू लागली. सहाच्या मिस्सेहून यायची, पदर खोचून गोळी घ्यायची, कोऱ्या चहाच्या एका घोटाबरोबर, आणि आठवड्यातून एक-दोनदा तरी, पाव तास होतो न होतो तोच, उठून मागे केळीत जायची. तीनच ओळी उरल्या होत्या केळीच्या, बाकीच्या वाडीत आता चार मजली इमारत आणि तिच्या खिडक्या. मास्तरांना आवाज ऐकू येई. ते पुस्तक डोळ्यांच्या जरा जवळ धरत. त्या दोन-अडीच महिन्यांत घराचा वासच बदलला. सुके बोंबील भाजणं बंद, फोडणी बंद. खोबरेल तेलाची बाटली उघडली तरी ती नाकाला पदर लावी. तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं वाटतं, म्हणायची. पोट एकदा फुगे ते तीन तीन दिवस तसंच, ढोलासारखं. मग इसबगोल, मग कोमट पाणी, मग संडासात एक एक तास आणि बाहेर येताना भिंतीला धरून. मास्तरांनी आपल्या परीने केलं. पेज करायला शिकले. पहिल्या तीन वेळा करपवली. आल्याचे तुकडे करून मिठात घालून तिच्या उशाशी ठेवले. बेकरीतून कडक पाव आणून उन्हात आणखी कडक केला, कुठेसं वाचलं होतं म्हणून. पण केळीत तिच्या मागे ते एकदाही गेले नाहीत. तिला एकान्त हवा असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. ते वाक्य त्यांना चांगलं वाटलं होतं, अगदी छापण्याजोगं.

वाचायला मात्र त्यांनी सगळं वाचलं होतं. पहिल्या पाकिटातच घडी घातलेला कागद होता, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांचा. तो त्यांनी भिंगाखाली धरून अथपासून इतिपर्यंत वाचला, आणि समासात पेन्सिलीने मराठी शब्दही लिहिले. 'उलटी' लिहिलं, खोडलं, 'ओकारी' लिहिलं. 'अंगातून वाफा' या शब्दांवर ते थोडा वेळ खूश होते. मग वाटलं, हे तिने पाहिलं तर घाबरेल, नसलेलंही व्हायला लागेल. म्हणून कागद शब्दकोशात ठेवला. पुढच्या महिन्यातलाही ठेवला. तिला कधी दाखवला नाही, सांगितला नाही. शब्दकोश कपाटात वरच्या फळीवर होता आणि आत्ता, चादरीवरच्या ढिगांसमोर बसून, त्यांना तो दिसत होता.

फेब्रुवारीच्या शेवटी ओकणं थांबलं. एकाएकी. मास्तरांनी ज्युलियसला, म्हणजे दोह्याला असलेल्या मुलाला, फोन करून सांगितलं, "आईला औषध मानवलं रे. शरीराला सवय झाली." कार्मिन पुन्हा बोंबील भाजू लागली. गालावर जरा मांस आलं. उपवासकाळात लोक वाळतात आणि ही भरते आहे, अशी चेष्टाही त्यांनी केली होती. ती हसली होती. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट थांबली होती, पण ती त्यांनी दुसऱ्याच खात्यावर टाकली होती. केळीच्या बुडाशी मातीचे लहान लहान उंचवटे दिसायचे, ओंजळभर मातीचे, वरून थापल्यासारखे. घूस, मास्तरांनी ठरवलं होतं. बाजारातून औषध आणून, कणकेत मळून, त्यांनी गोळे त्या उंचवट्यांवर ठेवले. दुसऱ्या दिवशी गोळे नाहीसे. आणि मग उंचवटेही थांबले. घूस मेली म्हणून ते दोन दिवस स्वतःवर खूश होते. आयुष्यात त्यांच्या हातून मेलेली ती पहिली गोष्ट.

राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी जेवताना तिने विचारलं होतं, "तू काय सोडतोस यंदा?" उपवासकाळात प्रत्येकाने काहीतरी सोडायचं, आवडीचं. पोरं गोळ्या-बिस्किटं सोडत, पुरुष दारू सोडत, निदान तसं सांगत.

"साखर," मास्तर म्हणाले.

"दर वर्षी साखर. साखरेला पन आता वाटत असेल, हा माझ्यावाचून जगतो."

"आणि तू?"

"मी पन सोडनार हाय एक. सांगायचं नसतं. तूच शिकवतोस ना पोरांना, उपवास करताना तोंड धुवा, केस विंचरा, कोनाला दाखवू नका."

ते हसले होते आणि ताटाशेजारच्या पुस्तकाचं पान त्यांनी उलटलं होतं. उलटताना बोटाचं कालवण पानाला लागलं, ते पुसण्यात प्रश्न राहून गेला. आता तो डाग आठवला. पान आठवलं. ती त्या वेळी काय करत होती ते मात्र आठवेना.

फाटक वाजलं तेव्हा साडेअकरा झाले होते. मास्तर तसेच बसले होते, सदरा मांडीवर, अंगात फक्त गंजी. बाहेरून क्लेमेंटीनचा आवाज आला. ही पाचूबंदरची, मासळी विकून विकून आवाज तापलेला. नवऱ्यामागे मुलीकडे माणिकपुरात राहायला आली होती आणि देवळाच्या साफसफाईत कार्मिनची जोडीदारीण होती. आज संध्याकाळच्या मिस्सेत फादर बारा जणांचे पाय धुणार होते, त्याची तयारी दोघींकडे होती.

"सर! हाय का घरात? हिला बसवा जरा. पाय धुवायची घंगाळी घासून घासून ही घंगाळ्यापेक्षा पांढरी झालीय. पानी घे म्हनते तर घेत नाय."

"जा ग तू," कार्मिन म्हणाली. "टॉवेल वाळत घाल. कालच्यासारखे कुत्र्याला नको देऊ."

"कुत्र्यानं नेला तर माझा काय दोष, त्याला पन पाय पुसायचे असतील!" आवाज हसत हसत गल्लीतून गेला.

कार्मिन आत आली, पदराने मान पुसत. ओठ सुकून त्यांच्यावर पापुद्रे आले होते. हे मास्तरांना आज दिसलं. बाहेर एप्रिलचं ऊन होतं. तिची नजर पलंगावर गेली, ढिगांवर, उघड्या डब्यावर.

"बटन पायजे होतं?" ती म्हणाली. "मशीनच्या खनात हाय. मी काढून ठेवली बटनं."

"त्रेचाळीस आहेत," मास्तर म्हणाले.

"बरोबर हाय. आजची अजून पाकिटात हाय."

ती स्टुलावर बसली. पंखा फिरत होता आणि एक गोळी ढिगातून सुटून चादरीवर घरंगळत होती. मास्तरांनी ती बोटाने धरली आणि धरूनच ठेवली.

"टाकवेना," ती म्हणाली. "तू रांगेत उभा राहून आनतोस. म्हनून ठेवल्या."

"का पण?" त्यांचा आवाज वर्गातला निघाला, तो त्यांना नको होता. "डॉक्टर म्हणाले होते, एक दिवसही—"

"गोळी घेतली का देव बाहेर येतो."

मास्तरांना क्षणभर कळलंच नाही. वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा होता.

"मिस्सेला घेतलेला," ती म्हणाली, भांडं कुठे ठेवलंय हे सांगावं तशी. "घरी येते, गोळी घेते, आनि ओकते. पोटात दुसरं काय असतं? तोच असतो. पहिल्यांदा मोरीत गेला. मी पानी ओतलं आनि मग कळलं मी काय केलं. गटारात. दोन दिवस झोपले नाय. मग केळीत जायला लागले. ओकून झालं का हातानं माती सारायची वर. आई म्हनायची, तसं झालं तर जमिनीला द्यावं, जिथं पाय पडनार नाय. तेरा वेळा. चौदावा देवळाच्या पायरीवरचा, तो रुमालात धरून आनला. तू बोर्ड वाचत होतास."

बोर्ड. जानेवारीतला रविवार, मिस्सा सुटलेली, लोक पायऱ्यांवर. पाठीमागे तो आवाज झाला आणि मास्तर ओळखूनही वळले नाहीत. समोर फळा होता, लग्नाच्या घोषणांचा. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, कोणाला हरकत असल्यास कळवावे. ते त्यांनी इतक्या लक्षपूर्वक वाचलं होतं की ती नावं त्यांना अजून पाठ होती. क्लेमेंटीनने कार्मिनला खांद्याशी धरलं होतं आणि मास्तरांकडे एकदा पाहिलं होतं. आदल्या दिवशीची विसरलेली गोळी तिने त्या सकाळी देवळात जाता जाता घेतली असेल, असा काहीतरी हिशेब तेव्हा त्यांनी केला होता. स्वतःला वाचवायला माणूस किती बारीक हिशेब करतो.

"पिठाचे गोळे तू ठेवले होतेस ना त्याच्यावर?" कार्मिनने विचारलं. "मी उचलून टाकायची."

उंदराचं औषध. त्या मातीवर. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि तिसरंच वाक्य बाहेर आलं. "पण रिकाम्या पोटी का घेत होतीस? आधी काही खाऊन, रात्री जेवणानंतर—"

"रात्री का घेनार? तू सकाळी लिहिलंस. आनि मिस्सेआधी खानार कशी? रात्री बारानंतर पानीसुद्धा नाय चालत."

"कार्मिन."

"काय?"

"तो नियम आता नाही." ते हळू म्हणाले. "एक तास. ख्रिस्तप्रसादाआधी एक तास फक्त. पाण्याने तर उपवास मोडतच नाही. आणि आजारी माणसाला औषध कधीही घेता येतं."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून जात होतं, सावकाश, आणि त्या जागी काही येत नव्हतं.

"कधीपासून?"

"चौसष्ट सालापासून. पाण्याचं त्याच्याही आधी."

"आपलं लग्न पासष्टला."

"हो."

"ज्युलियस पोटात होता. मिस्सेत पडले होते मी, चक्कर येऊन."

"हो."

"तू पुस्तकानं वारा घातलास मला."

ते धर्मशिक्षणाचं पुस्तक होतं. तीस वर्षं दर पावसाळ्यात पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या पोरांना पडवीत बसवून मास्तर त्यातलं ते पान शिकवत होते. किती वेळ, बोला. एक तास, सर. पुन्हा म्हणा. एक तास, सर. आणि भिंतीपलीकडे ही चुलीशी.

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"मी ऐकायची ना पोरांचं. मला वाटायचं, पोरांसाठी सूट हाय, लहान हायेत म्हनून. विचारू कोनाला? मास्तरची बायको मी. लोक हसले असते." तिने ओठावरचा पापुद्रा खुडला. "क्लेमेंटीन चहा पिऊन येते मिस्सेला. इतकी वर्षं मी मनात तिला नावं ठेवली."

मास्तर उठले. शब्दकोश काढताना तो फळीवरून निसटून पायाजवळ आदळला. आतले कागद त्यांनी तिच्यापुढे धरले, मग आठवलं की अक्षर तिला दिसायचं नाही, मग वाचू लागले, समासातलं, पेन्सिलीचं. "मळमळ. ओकारी. तोंडाला चव नसणे. पोट फुगणे. बद्धकोष्ठ. अंगातून वाफा." प्रत्येक शब्दाला ती मान हलवत होती, हजेरी दिल्यासारखी.

"हे सगळं कागदावर हाय?"

"हो."

"सगळ्या बायांना होतं?"

"पुष्कळांना होतं. काहींना."

"मला वाटलं," ती म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदा फाटला, "मीच नको झाले त्याला. आधी छाती काढून घेतली. आता पोटात पन राहत नाय माझ्या."

मास्तर उभेच होते. तिच्या खांद्यावर हात ठेवावा, एवढं त्यांना समजत होतं. हातात कागद होते. ते कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी त्यांनी कागद खाली टाकले, जमिनीवर, आयुष्यात प्रथमच छापील कागद जमिनीवर, आणि मडक्यातून पाणी आणलं.

तिने पेला हातात घेतला. "मिस्सा साडेसहाला हाय."

"अगदी देवळाच्या दारापर्यंत चालेल."

पाण्याकडे ती खूप वेळ पाहत होती. मग प्यायली, एका दमात, मुलासारखी, घोट गळ्यातून खाली उतरताना दिसत होते. पेला पुढे केला. मास्तरांनी दुसरा भरला. पेज सकाळची होती, ती त्यांनी गरम केली, करपली नाही. कडक पाव दिला. तिने खाल्लं सगळं, रागाने. राग आता आला होता, आणि मास्तरांना वाटलं की हा पुष्कळ दिवस राहणार, तो राहायलाच हवा. मग तिने पाकिटातली आजची गोळी काढून तळहातावर ठेवली.

"उपवासकाळ संपला नाय अजून. सोडलेलं आधीच धरलं तर चालतं का, मास्तर?"

'मास्तर' ती टोचायलाच म्हणे. कुठल्याही पुस्तकात याचं उत्तर त्यांनी वाचलं नव्हतं.

"हे सोडायचं नव्हतंच," ते म्हणाले.

तिने गोळी गिळली. दोघं बसून राहिले. पुढच्या इमारतीत कुणाचा तरी रेडिओ लागला होता, मग बंद झाला. मास्तर घड्याळ पाहत होते आणि ती मास्तरांकडे पाहत नव्हती. वीस मिनिटं झाली. बाविसाव्या मिनिटाला तिने ओठ मिटले, पदर तोंडाशी नेला आणि उठली.

मास्तर तिच्या मागे गेले. दारात चप्पल सापडेना, तसेच गेले, तापलेल्या मातीवरून अनवाणी. ती पहिल्या केळीशी ओणवी झाली. त्यांनी मागून तिचं कपाळ तळहातात धरलं. त्यांना ठाऊक नव्हतं की ओकताना माणसाचं कपाळ इतका जोर करतं. डाव्या हाताने त्यांनी तिला छातीशी आधार दिला, आणि हात जिथे गेला तिथे काही नव्हतं, नुसत्या फासळ्या, आणि त्यांनी हात काढला नाही. सगळं बाहेर आलं. एकदा, दोनदा, मग नुसतीच उबळ.

"यात देव नाय ना?" डोळे मिटूनच तिने विचारलं.

"नाही. पेज आहे."

सवयीने ती पायाने माती ओढू लागली. "थांब," मास्तर म्हणाले. ते उकिडवे बसले. आंबूस वास नाकात शिरला आणि त्यांनी बोटं त्यात घातली.

"काय करतोस! उठ!"

ते गोळी शोधत होते. एक पांढरं लागलं. चिमटीत धरून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, चष्मा आत राहिला होता. शीत होतं. आणखी एक. तेही शीत. पावाचा तुकडा, फुगलेला. त्यांनी बोटांनी सगळं बाजूला केलं, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकही जागा न वगळता. बाजूला पूर्वीच्या मातीचे उंचवटे होते, बसलेले, कडक झालेले, त्यांच्याकडे पाहायचं धाडस त्यांना झालं नाही. कार्मिन केळीला टेकून वरून बघत होती.

"नाही," मास्तर म्हणाले. आणि पुन्हा पाहिलं.

"नाही. आत राहिली."